जीभ कुणी बांधली?

आमच्या भागात बोलता न येणाऱ्या मुलासाठी पाच उपाय ठरलेले आहेत. पहिला, वेखंड उगाळून जिभेला चोळणे. दुसरा, दर्ग्यावर नेऊन ताईत बांधणे. तिसरा, जिभेखालचा दोरा कापून आणणे. चौथा, 'याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता' असे म्हणून वाट पाहणे. आणि पाचवा, जो अलीकडे सर्वात जास्त चालतो, घरातल्या सगळ्या भाषा बंद करून मुलाशी फक्त इंग्रजीत बोलणे. पहिल्या चारांना आपण अडाणीपणा म्हणतो. पाचव्याला मात्र शिक्षण म्हणतो. माझे म्हणणे असे की या पाचांत सर्वात घातक पाचवा आहे. पहिल्या चारांत मुलाचा वेळ वाया जातो. पाचव्यात वेळही जातो आणि आईही जाते.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या भाचीचे सासर नालासोपारा पूर्वेला. ती आमच्या कोकणी घरातली, मराठी शाळेत शिकलेली. जावई पूर्व उत्तर प्रदेशातला, फर्निचरचे काम करतो. घरात सासू भोजपुरी बोलते, नवरा हिंदी-उर्दू, भाची मुलाशी कोकणीत नाहीतर मराठीत. खालच्या मजल्यावर गुजराती, समोर मल्याळी नर्सबाई. असे घर वसई-विरारमध्ये नवलाचे नाही, हजारोंनी आहेत. मुलगा तीन वर्षांचा झाला तरी धड बोलेना. बालवाडीतल्या बाईंनी भाचीला बोलावून सांगितले, "घरात इतक्या भाषा बोलता म्हणून तो गोंधळला आहे. उद्यापासून फक्त इंग्लिश बोला."

भाचीला इंग्रजी येत नाही. ती आज्ञाधारक. तिने मुलाशी बोलणेच बंद केले. अंगाई बंद, गोष्ट बंद, भांडी घासताना चालणारी बडबड बंद. त्याच्या हातात मोबाईल दिला आणि त्यात इंग्रजी बडबडगीते लावली. सहा महिन्यांनी मुलगा ए टू झेड घडाघडा म्हणू लागला. पण तहान लागली की आईचा हात धरून माठापाशी नेई. पाणी मागायला त्याच्याकडे शब्द नव्हता.

ती माझ्याकडे आली तेव्हा रडत म्हणाली, "मामू, माझ्याच बोलण्यानं त्याची जीभ बांधली गेली का?"

या एका प्रश्नासाठी हा लेख लिहितो आहे. आपली भाषाच आपल्या मुलाचा आजार आहे, अशी समजूत त्या मुलीच्या मनात कुणी भरली?

प्रथम शास्त्र काय सांगते ते पाहू. मूल साधारण वर्षाचे झाले की पहिला अर्थपूर्ण शब्द बोलते. दोन वर्षांच्या सुमारास त्याच्याजवळ पन्नासएक शब्द असतात आणि ते दोन शब्द जोडू लागते. दोन किंवा तीन भाषांच्या घरातल्या मुलालाही हीच फूटपट्टी लागते. फक्त शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मिळून मोजायचे असतात. एका भाषेतले मोजले तर ते मागे दिसणारच. ज्याचे पैसे तीन खिशांत आहेत त्याचा एकच खिसा तपासून त्याला कंगाल ठरवावे, तसे हे. अनेक भाषा कानावर पडल्याने मूल मुके होत नाही, उशिरा बोलत नाही, तोतरेही होत नाही. जगभरच्या वाचातज्ज्ञांत आज याबाबत मतभेद उरलेला नाही. ज्या मुलाला खरोखर भाषेची अडचण असते त्याला ती प्रत्येक भाषेत असते. त्याच्या दोन भाषा काढून घेतल्या तरी उरलेल्या तिसरीत ती तशीच राहते.

भाचीला मी एक वही दिली आणि सांगितले की आठवडाभर तो जे जे बोलेल ते लिहून ठेव, कुठल्याही भाषेतले असो. वहीत एकवीस शब्द आले. तीन वर्षांच्या मुलाला ते फारच थोडे होते. म्हणजे अडचण खरी होती, पण भाषांची नव्हती. मग कान तपासायला नेले. दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साचलेले निघाले. सर्दी-पडसे वारंवार होणाऱ्या लहान मुलांत हे सर्रास आढळते. दुखत नाही, वाहत नाही, बाहेरून काही दिसत नाही. मूल ऐकते, पण उशी कानावर दाबून ऐकावे तसे. लहानशी शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर वाचातज्ज्ञाकडे जाणे सुरू झाले आणि आई पुन्हा बोलू लागली. आज तो मुलगा तीन भाषांत हट्ट करतो. मधले आठ महिने मात्र गेले ते गेलेच. या आठ महिन्यांत बाईंनी, शेजाऱ्यांनी, नातेवाइकांनी, सगळ्यांनी सल्ले दिले. कान तपासा असे एकानेही सांगितले नाही.

आता शासनाकडे वळतो. हजार नवजात बालकांत एक-दोन बालके जन्मतःच गंभीर बहिरेपण घेऊन येतात. पहिल्या महिन्यात कानाची चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार असा क्रम जगात मान्य आहे, कारण मेंदू भाषा शिकण्याची मुदत वाढवून देत नाही. ही चाचणी करणारे यंत्र लहान असते. झोपलेल्या बाळाच्या कानात एक बोंडूक ठेवायचे, काही मिनिटांत काम होते. टोचणे नाही, कापणे नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या बायका ज्या प्रसूतिगृहात जातात तिथे त्यांना बाळाचे वजन सांगतात, रक्तगट सांगतात. कान तपासले का, असे किती जणींनी विचारले? आणि विचारायला हवे हे त्यांना कुणी सांगितले?

या जिल्ह्याच्या बाबतीत तर एक विशेष गोष्ट आहे. ० ते १८ वर्षांच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम साऱ्या देशासाठी सुरू झाला तो ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, आणि सुरू झाला तो पालघरमध्ये. त्या वेळी पालघर ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ ला स्वतंत्र जिल्हा झाला. या कार्यक्रमात तपासायच्या तीस बाबींच्या यादीत बहिरेपण आहे, दुभंगलेले ओठ-टाळू आहे, आणि 'भाषाविकासातील विलंब' ही स्वतंत्र नोंदही आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी व्हावी, आणि जिल्हा पातळीवरच्या केंद्रात श्रवण व वाचातज्ज्ञ असावा, अशी ही योजना आहे. ज्या मातीत दीप लावून या योजनेचा आरंभ झाला त्याच मातीतल्या आईला ती माहीत नाही. आपण तरी कधी अंगणवाडीच्या दारात जाऊन विचारले का की यंदाची पहिली तपासणी झाली, दुसरी कधी आहे?

कायदाही आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकार होते आणि त्यांत वाचेला जागा नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते एकवीस झाले आणि वाचा व भाषेची अक्षमता त्यांत आली. त्याच कायद्याचे पंचविसावे कलम सांगते की आरोग्यसेवा राहत्या परिसराजवळ मिळावी आणि वर्षातून एकदा तरी सर्व मुलांची तपासणी व्हावी. 'परिसराजवळ' हा शब्द लक्षात ठेवा. मुंबईत वांद्रे रेक्लेमेशनला वाचा आणि श्रवणाची केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे. १९८३ साली ती उभी राहिली. तिला नाव आहे अली यावर जंग यांचे, जे १९७१ पासून १९७६ पर्यंत महाराष्ट्राचे राज्यपाल होते आणि त्या पदावर असतानाच वारले. एका मुसलमानाच्या नावाची, देशभर नाव असलेली संस्था आपल्याच लोकल गाडीच्या मार्गावर आहे आणि आपल्या मोहल्ल्यात ती कुणाला ठाऊक नाही, ही शरमेची बाब आहेच. पण नालासोपाऱ्याहून वांद्रे चाळीस किलोमीटर. वाचोपचार म्हणजे एकदा जाऊन सुई टोचून येणे नव्हे. आठवड्यातून एकदा-दोनदा, महिनोन् महिने जावे लागते. कडेवर मूल घेऊन सकाळच्या विरार लोकलमध्ये जी आई चढली आहे तिला विचारा, आणि दर खेपेला रोज बुडवणाऱ्या बापाला विचारा, की चौथ्या आठवड्यानंतर ते का थांबतात. खाजगीत जावे तर एका बैठकीला दिवसाची कमाई द्यावी लागते. ३ जुलै २००९ ला वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती, त्यानंतर किती वाढली ते गाडीच्या दारात लटकणाऱ्याला कळते. एवढ्या शहरातल्या प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात आठवड्यातला एक दिवस वाचा-श्रवण तपासणीचा असावा, ही मागणी जास्त आहे काय?

यावर काही मंडळी म्हणतील की जिथे नळाला पाणी नाही, पावसाळ्यात गुडघाभर पाणी घरात शिरते, तिथे हे वाचोपचाराचे लाड कशाला? मी त्यांना सांगेन की ज्याला बोलता येते तो निदान पाण्यासाठी मोर्चात ओरडू शकतो. वर्गात तोतरा म्हणून हसला गेलेला मुलगा सातवीत शाळा सोडतो आणि गॅरेजला लागतो. त्याची नोंद 'आर्थिक कारणामुळे गळती' अशी होते. सच्चर समितीने २००६ साली आपल्या मुलांच्या गळतीकडे देशाचे लक्ष वेधले. या गळतीत किती मुले कमी ऐकू येते म्हणून मागच्या बाकावरून उठून गेली, याचा हिशेब आपण कधी मांडला नाही.

इथवर शासनाचे झाले. आता आपल्या घराचे.

भाषेच्या बाबतीत आपण मराठी मुसलमान एका विचित्र ओढाताणीत वाढतो. मोहल्ल्यातले जाणते सांगतात की उर्दू बोला, ती आपली जबान आहे. शाळा सांगते इंग्रजी बोला. रस्ता सांगतो मराठी बोला. आणि घरात जी आपोआप ओठांवर येते त्या कोकणीला, त्या दख्खनीला, त्या भोजपुरीला कुणीच भाषा म्हणायला तयार नाही. आपणही नाही. पाहुणे आले की आपण ती पडद्याआड करतो. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा आपण ताठ मानेने सांगितले की आम्ही मराठीचे लेखक आहोत, मराठी आमची भाषा आहे. ते सांगणे गरजेचे होते. पण आपल्या आयांच्या बोलीबद्दलची शरम मात्र आपण घरातून काढली नाही. त्या शरमेची किंमत आता तीन वर्षांची मुले भरत आहेत.

वसईच्या मातीत ही शरम शोभत नाही. सोपाऱ्यात १८८२ साली अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. इथे दगडसुद्धा प्राकृतात बोलला होता. अरब प्रवाशांनी या बंदराचे नाव लिहून ठेवले. पोर्तुगीज आले आणि १७३९ साली गेले. आजही याच तालुक्यात वाडवळी आहे, सामवेदींची कादोडी आहे, कोळ्यांची बोली आहे, वारली आहे, आमची कोकणी आहे. एका भाषेची ही भूमी कधीच नव्हती. मग इथे मुलांच्या बोलण्याची परीक्षा एकाच भाषेत का?

हा प्रश्न मी वाचातज्ज्ञांनाही विचारतो, आणि आदराने विचारतो, कारण त्यांच्या हातून बोलती झालेली मुले मी पाहिली आहेत. आगरी-कोळी घरातला मुलगा 'शाळे'ला 'शाला' म्हणतो आणि 'पाण्या'ला 'पानी'. भोजपुरी घरातले मूल 'श'चा 'स' करते. हिंदी घरातले मूल 'चाक' म्हणताना आपला दंतमूलीय 'च' उच्चारत नाही. हे दोष नव्हेत. पण चार वर्षे उलटलेले मूल 'काका'ला 'ताता' आणि 'गाडी'ला 'दाडी' म्हणत असेल तर ते तज्ज्ञाला दाखवले पाहिजे. ओळखायची खूण सोपी आहे. जे घरातली मोठी माणसेही तसेच बोलतात ती बोली. जे घरातल्या कुणाच्याच तोंडी नाही त्याची तपासणी. ज्याला घरची बोलीच ठाऊक नाही तो हा फरक कसा करणार? मग एका बाजूला निरोगी मुलावर दोषाचा शिक्का बसतो आणि दुसऱ्या बाजूला खऱ्या अडचणीचे मूल 'यांच्यात असेच बोलतात' म्हणून परत पाठवले जाते. दोन्ही अन्यायच.

मोठ्या माणसांचे हाल याहून वेगळे नाहीत. माझ्या एका चुलत्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणे गेले. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की असे होते, त्याला वाचाघात म्हणतात. पक्षाघातातून वाचलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांना तो होतो. चाचांना पाणी मागता येत नव्हते, स्वतःचे नाव सांगता येत नव्हते. पण कुणी सूरह फातिहा सुरू केली की तेही अखेरपर्यंत न अडखळता म्हणत. घरात दोन तट पडले. एक म्हणे हा करिश्मा आहे, आता उपचार नकोत. दुसरा म्हणे हे सोंग आहे, बोलायचे तेव्हा बोलतात. दोन्ही चूक. लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेली दुआ, गाणे, एक ते दहा अंक हे मेंदूत वेगळ्या वाटेने साठवलेले असते आणि ते पुष्कळदा वाचते. नवा विचार शब्दांत मांडायची वाट तुटलेली असते. चाचांना ते काय म्हणायचे आहे हे कळत होते, फक्त शब्द हाती लागत नव्हता. आणि बाजूला बसून आम्ही त्यांच्यादेखत 'आता यांना काही समजत नाही' असे बोलत होतो. ते ऐकत होते. हे आठवले की आजही मला स्वतःची लाज वाटते.

पुढे त्यांची तपासणी झाली. माशाचे चित्र दाखवले. चाचा बराच वेळ झगडले आणि म्हणाले, "म्हावरा." तपासणाऱ्याच्या कागदावर 'मछली' असे उत्तर होते. चूक अशी खूण पडली. चाळीस वर्षे होडीवर काढलेल्या माणसाला तीन आठवड्यांनी सापडलेला पहिला शब्द, आणि तो चूक! मी सोबत होतो म्हणून सांगितले, खूण बदलली. जो एकटा जातो त्याचे काय?

अनेक भाषा येणाऱ्याच्या मेंदूत वाचाघातानंतर कुठली भाषा आधी परतेल याचा एकच नियम नाही. कधी आईची परतते, कधी शेवटपर्यंत रोजच्या वापरातली परतते. फ्रेंच वैद्य पित्र यांनी १८९५ सालीच यावर लिहिले होते. म्हणूनच रुग्णाला त्याच्या सर्व भाषांत तपासले पाहिजे. आणि या भाषा ओझे नव्हेत. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात ६४८ स्मृतिभ्रंशाचे रुग्ण पाहिले गेले. २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसला, आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यातही फरक दिसला. पुढे २०१६ मध्ये पक्षाघाताच्या रुग्णांवरचा अभ्यास आला. पक्षाघातानंतर बुद्धीची कामे शाबूत राहिलेले रुग्ण बहुभाषिकांत ४०.५ टक्के होते, तर एकभाषिकांत १९.६ टक्के. वाचाघाताचे प्रमाण मात्र दोन्हींत सारखे होते, हेही सांगितले पाहिजे. अनेक भाषा म्हणजे कवचकुंडले नव्हेत. पण जी गोष्ट म्हातारपणी मेंदूला आधार देते तिलाच आपण बालपणी रोग म्हणून घराबाहेर काढतो, याला काय म्हणावे?

धर्माचे नाव घेऊन मुलाला दर्ग्यावर नेणाऱ्यांना मला धर्माच्याच गोष्टी आठवून द्यायच्या आहेत. हजरत मूसा फिरऔनसमोर जाण्याआधी अल्लाहकडे दुआ मागतात की माझ्या जिभेची गाठ सोडव, म्हणजे लोकांना माझे म्हणणे समजेल. सोबतीला ते भाऊ हारून यांची मागणी करतात. एक पैगंबर आपल्या बोलण्याची अडचण लपवत नाहीत, मदत मागतात, आणि ती दुआ आपण मकतबमध्ये मुलांकडून पाठ करून घेतो. त्याच मकतबमध्ये अडखळणाऱ्या मुलाच्या पाठीत छडी बसते. कुरआन अडखळत, कष्टाने वाचणाऱ्याला दुहेरी सवाब आहे अशी हदीस आहे. छडी मारणाऱ्या उस्तादांना ती ठाऊक नाही असे कसे म्हणू? आणि भाषांचे वेगळेपण ही अल्लाहची निशाणी असल्याचे कुरआनच सांगते. मग आईच्या बोलीची शरम कुठल्या शरीअतमधली?

खरे तर उच्चारांचे शास्त्र आपल्याकडे फार जुने आहे. आठव्या शतकात सीबवैह यांनी अरबी ध्वनी घशापासून ओठांपर्यंत कुठून कुठून निघतात ते मांडून ठेवले. तजवीद शिकवणारा प्रत्येक कारी मखरज सांगतो. मुलाचा 'क' कुठे अडतो हे त्याला आईबापाआधी कळते. कारीसाहेब वाचातज्ज्ञ नव्हेत आणि त्यांनी ते होऊ नये. पण 'या मुलाला ऐकू कमी येते असे वाटते, कान तपासून घ्या' एवढे एक वाक्य त्यांनी बापाला सांगितले तर किती मुले वाचतील! तोतरेपणाबाबतही तेच. शंभरातली सुमारे पाच मुले बालपणी केव्हातरी अडखळतात आणि त्यांतली बहुतेक पुढे सुधारतात. प्रौढांत शंभरी एकाचे तोतरेपण राहते. ते राहण्याचे कारण आळस नाही, भित्रेपणा नाही आणि नजर लागणेही नाही. 'सावकाश बोल, नीट बोल' म्हणून टोकणे, वाक्य आपण पुरे करणे, चारचौघांत नक्कल करणे, याने ते वाढते.

आणखी एक कडू गोष्ट. जवळच्या नात्यात लग्ने झाली की जन्मजात बहिरेपणाची शक्यता वाढते. चुलत-मामे-मावस भावंडांची लग्ने आपल्यात होतात, मामाची मुलगी करण्याची चाल महाराष्ट्रातल्या कित्येक हिंदू जातींतही आहे. कुणाकडे बोट दाखवण्याचा हा विषय नाही. ज्या घरात आधीच एखादे बहिरे मूल आहे त्या घराने पुढचे नाते जुळवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, इतकेच. मेहर ठरवताना जेवढी चर्चा होते त्याच्या दहाव्या हिश्शाने जरी यावर झाली तरी पुरे.

बाहेरचे वातावरण आपण पाहतोच आहोत. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपल्यालाही आनंद झाला. २०२५ च्या पावसाळ्यात पहिलीपासून हिंदीच्या सक्तीवरून राज्य पेटले आणि शासनाला निर्णय मागे घ्यावे लागले. त्याच दिवसांत मीरा रोडला मराठीवरून एका दुकानदाराला मारहाण झाली, विरारला एका रिक्षावाल्याला. कोणी कुठली भाषा बोलावी यासाठी थपडा मारायला माणसे मिळतात. ज्या मुलाला एकही भाषा बोलता येत नाही त्याच्यासाठी एक निवेदन द्यायला कोणी मिळत नाही. मराठीवर खरे प्रेम असेल तर ते नालासोपाऱ्याच्या त्या भोजपुरी घरात मूल मराठी बोलते होईल अशी सोय करण्यात दिसावे.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आणि सरळ आहेत. महापालिकेने प्रत्येक प्रसूतिगृहात नवजात बाळाच्या कानांची तपासणी सक्तीची करावी आणि नागरी आरोग्य केंद्रांत वाचा-श्रवणाचा दिवस ठरवावा. वाडवळी, कादोडी, कोकणी, वारली, भोजपुरी, उर्दू या घरभाषांतले चित्रसंच इथल्याच शिक्षकांनी आणि वाचातज्ज्ञांनी मिळून तयार करावेत. त्यात माशाखाली 'म्हावरा' हेही उत्तर असावे. आपल्या जमातींनी आणि मशिदींच्या विश्वस्तांनी रमजानमध्ये झकातीचा हिशेब करताना गरजू घराच्या कानयंत्राचा आणि लोकलच्या पासाचाही विचार करावा. आणि बारावी विज्ञान झालेल्या आपल्या मुलींना वाचा-श्रवणाच्या चार वर्षांच्या पदवीची वाट दाखवावी. आपली मुलगी उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत चार भाषा शिकून बसलेली असते. या व्यवसायाला जे भांडवल लागते ते तिच्याजवळ जन्मापासून आहे. आजवर त्याला आपण भांडवल मानले नाही.

आणि आयांना एकच सांगणे. बाळाशी बोला. जी भाषा तुमच्या तोंडात आहे तीतच बोला, भाकरी थापताना बोला, न्हाऊ घालताना बोला. दोन वर्षांचा होऊनही बोलत नसेल तर वाट पाहू नका, आधी कान तपासा.

भाची परवा मुलाला घेऊन आली होती. उंबऱ्यातूनच तो ओरडला, "मामू, पानी दे!" भाचीने चटकन् त्याला दुरुस्त केले, "पाणी द्या म्हण." मी तिला थांबवले आणि आधी तांब्या भरून दिला.